दोन बॅटऱ्यांचा डिझेल ट्रक, सकाळी सेल्फ नुसता टक करतो. बॅटऱ्या बदलल्या, अल्टरनेटर केला, तरी तेच

लांबपल्ला
नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, लांबेल, सांभाळून घ्या. ट्रक सहा चाकी, डिझेल, चोवीस व्होल्ट, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. मालक मीच आणि ड्रायव्हरही मीच. गेले चार महिने एकच दुखणं. रात्री गाडी लावली की सकाळी चावी फिरवल्यावर सेल्फ नुसता टक करतो आणि डॅशबोर्डचे दिवे विझल्यासारखे होतात. तीन-चार वेळा चावी मारली की कधी घरघर करत उचलतो, कधी नाहीच. इंजिन गरम असताना दिवसा बहुतेक वेळा चालू होते पण तेव्हाही सेल्फ पूर्वीसारखा सणसणीत फिरत नाही, ओझं ओढल्यासारखा फिरतो.
आत्तापर्यंत काय केलं: दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकल्या, दोन महिन्यात परत तेच, त्या चेक करायला दिल्या तर चार्ज करून परत दिल्या आणि म्हणाले चांगल्या आहेत. अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा, खोलून ब्रश आणि रेग्युलेटर बदलला. सेल्फ उतरवून कार्बन आणि बुश बदलले. सकाळी मीटर लावला तर २४.८ दाखवतो, इंजिन चालू असताना २७.९. सगळे म्हणतात आकडे बरोबर आहेत. मग गाडी का चालू होत नाही? दुसऱ्या ट्रकवरून जंप दिला की पहिल्याच चावीला उचलते. बॅटरीत पाणीही नीट बघतो, त्यातली एकच बॅटरी पाणी मागते, दुसरीला लागतच नाही. भरलेला माल घेऊन पहाटे उभं राहायचं आणि कुणी जंप देईल का म्हणून बघत बसायचं याचा फार ताण येतो हो. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

मागचाटायर
बॅटरीच. नवी आहे म्हणजे चांगलीच असं काही नसतं. माझी नवी बॅटरी तीन आठवड्यात गेली होती, एक सेल शॉर्ट. जी पाणी पिते ती बदलून घ्या, वॉरंटीत असेल.

पाना_बारा
मागचाटायर +१. आणि अल्टरनेटर खरंच चार्ज करतोय का ते बघायची सोपी युक्ती, इंजिन चालू ठेवून बॅटरीची एक वायर काढायची. इंजिन बंद पडलं तर अल्टरनेटर खराब.

जुनाडिझेल
पाना_बारा, हे कृपा करून कुणी करू नका. ही युक्ती डायनामोच्या काळातली आहे, तेव्हा गाडीत इलेक्ट्रॉनिक असं काही नव्हतं. अल्टरनेटर करंट देत असताना बॅटरी अचानक सुटली की त्याला आवरायला काही राहत नाही आणि व्होल्टेज एक झटका उसळतं, चोवीस व्होल्टच्या गाडीत तो झटका शंभर व्होल्टच्या वर जाऊ शकतो. रेग्युलेटर, डायोड, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जे पुढ्यात येईल ते जातं. शिवाय जुन्या यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन बॅटरी नसली तरी चालूच राहतं, म्हणजे त्यातून कळत तर काहीच नाही. मीटर लावला की काम होतं, मग हा धोका कशासाठी.
मागचाटायर, सेल शॉर्टचं म्हणाल तर एक सेल २.१ व्होल्टचा, बॅटरीत सहा, एक गेला की ती बॅटरी साडेदहाच्या आसपास दाखवणार. म्हणजे दोन्ही मिळून तेवीसच्या जवळ. लांबपल्ला यांना २४.८ मिळतंय. पण लांबपल्ला, मला हा २४.८ आकडाच पटत नाहीये. हे दोन्ही मिळून मोजलंत ना? सिरीजमधल्या दोन बॅटऱ्या कधीही एकत्र मोजून सोडू नयेत. भरलेली एकेक १२.६ ते १२.७ असते. २४.८ म्हणजे दोन्ही १२.४ वर असतील, किंवा एक भरलेली आणि दुसरी निम्म्याहून जास्त रिकामी असेल. बेरीज तीच येते. वेगवेगळं मोजून टाका.

तांब्याची_तार
जुनाडिझेल काकांशी सहमत. मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करते, जड गाड्याच जास्त येतात माझ्याकडे. लांबपल्ला दादा, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये दोन फार महत्त्वाच्या गोष्टी लिहून टाकल्यात. म्हणून आधी तीन प्रश्न, काही खोलू नका, काही बदलू नका.
जंप देताना निगेटिव्हचा चिमटा नेमका कुठे लावता, बॅटरीच्या टर्मिनलला की इंजिनला?
पाणी मागणारी बॅटरी कुठली, जिची निगेटिव्ह केबल चासीला जाते ती, की जिची पॉझिटिव्ह सेल्फला जाते ती?
आणि बारा व्होल्टचं काही जोडलंय का गाडीत, टेप, मोबाईल चार्जर, कॅमेरा, काहीही?

उजेडवाट
वाचतोय. माझ्याकडे दोन बॅटऱ्यांचा डिझेल पिकअप आहे, पण बारा व्होल्टचा, बॅटऱ्या पॅरलल. चार-पाच दिवस उभा राहिला की दोन्ही सपाट. हाच धागा वापरू का?

तांब्याची_तार
हो उजेडवाट, विचारा ना, तुमचं कारण वेगळं निघेल पण मोजायची पद्धत दोघांच्या कामाची आहे.

लांबपल्ला
ताई, तिन्हीची उत्तरं. चिमटा आम्ही इंजिनच्या उचलायच्या हुकाला लावतो, बॅटरीजवळ ठिणगी नको म्हणून, मला तसंच शिकवलंय. पाणी मागते ती सेल्फकडची, चासीला जाणारी जी आहे तिचं पाणी चार महिन्यात हललं नाही. आणि बारा व्होल्टवर म्युझिक सिस्टीम, दोन मोबाईल चार्जर आणि एक छोटा पंखा आहे, गाडी घेतली तेव्हापासून आहे, दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडणीवरून वायर घेतलेली दिसते.

तांब्याची_तार
धन्यवाद दादा. मला वाटतं तुमच्या गाडीत एक नाही दोन बिघाड आहेत आणि ते एकमेकांना झाकतायत, म्हणून चार महिने कुणाला सापडले नाहीत. सविस्तर लिहिते.

आधी मधल्या जोडणीचं. चासीकडच्या बॅटरीला खालची म्हणू, सेल्फकडच्या बॅटरीला वरची. अल्टरनेटर दोन्हीच्या टोकांना मिळून अठ्ठावीसच्या आसपास देतो, त्याला मधलं काही दिसत नाही, दोघींना निम्मं-निम्मं मिळतंय का हे तो बघतच नाही. तुम्ही मधून वायर घेतलीत म्हणजे टेप, चार्जर, पंखा हे सगळं एकट्या खालच्या बॅटरीवर चालतं. ती रोज थोडी थोडी रिकामी होते. वरची रोज पूर्ण भरते. आता इंजिन चालू झालं की रिकामी असलेली खालची तेरावरच रेंगाळते आणि उरलेला सगळा ताण वरचीवर येतो, ती पंधराजवळ जाते. बारा व्होल्टची बॅटरी १४.४ च्या पुढे गेली की आतलं पाणी फुटायला लागतं, हायड्रोजन-ऑक्सिजन होऊन उडून जातं. म्हणून वरचीला सारखं पाणी लागतं. म्हणजे जी पाणी पिते ती मूळची चांगली बॅटरी आहे, तिला जास्तीचं चार्जिंग झेपत नाहीये. आणि जिचं पाणी हलत नाही, जी आपल्याला गुणी वाटते, ती उपाशी आहे. बहुतेक वेळा लोक पाणी पिणारी बदलतात आणि दोन महिन्यांनी परत येतात.
तपासायचं कसं: इंजिन चालू, थोडा रेस, आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर हेच.

आता दुसरं. तुमची जंपची गोष्ट वाचून मला अर्थिंगचा संशय आला. दुसऱ्या ट्रकचा निगेटिव्ह तुम्ही थेट इंजिनला लावलात. ठिणगीच्या दृष्टीनं तेच बरोबर आहे, तसंच करत राहा. पण त्यामुळे झालं काय, की तुमच्या स्वतःच्या बॅटरीपासून चासी आणि चासीपासून इंजिन हा जो अर्थचा रस्ता आहे तो पूर्ण बाजूला पडला. गाडी लगेच उचलली. सगळ्यांना वाटलं बॅटरी कमजोर होती, दुसऱ्याच्या बॅटरीनं उचलली. कदाचित तुमच्याकडे करंट होता पण परतीचा रस्ताच खराब होता.
यासाठी फुकटची परीक्षा: उद्या सकाळी गाडी रुसली की दुसरा ट्रक शोधू नका. एकच जंप केबल घ्या, एक टोक तुमच्या खालच्या बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक. चावी मारा. फरक पडला तर अर्थ खराब.

आणि मीटरनं करायचं तर ओहमवर नाही, बीप वाजवून तर नाहीच नाही. हे जरा नीट समजून घ्या. केबलमधल्या शंभर तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी बीप वाजते. सेल्फ फिरताना काही शे अँपिअर वाहतात. समजा ३०० अँपिअर आहेत आणि रस्त्यात कुठेतरी ०.०१ ओहमचा अडथळा आहे, तर तिथेच तीन व्होल्ट खाल्ले गेले. आणि ०.०१ ओहम तुमचा हातातला मीटर दाखवूच शकत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त असतो. म्हणून मोजायचं ते सेल्फ फिरत असताना, व्होल्टमध्ये, केबलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक प्रोब खालच्या बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, लगवर (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर) नाही, दुसरा इंजिन ब्लॉकवर, मीटर डीसी व्होल्टला, आणि दुसऱ्याला चावी मारायला सांगा. पाव व्होल्टच्या आसपास आलं तर उत्तम. अर्ध्याच्या वर गेलं तर बिघाड तिथे आहे. मग तसंच वरच्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, तिथे अर्ध्याच्या आत हवं. दोन बॅटऱ्यांना जोडणारी छोटी केबल सगळे विसरतात, तीही मोजा.
मीटर अँपिअरच्या भोकात लावून सेल्फ अजिबात मारू नका. तो दहा अँपिअरचा असतो.

जुनाडिझेल
बाई, फार छान लिहिलंस. एकच भर घालतो, घड्याळ आणि अंगठी काढून मग हात घाला. पाना पॉझिटिव्हला असताना बॉडीला टेकला की लालभडक होतो, अंगठी मध्ये आली तर बोट जातं. म्हणून उघडताना आधी चासीची निगेटिव्ह, जोडताना ती सगळ्यात शेवटी. माझ्या एका मदतनिसानं हे चुकवलं होतं, मी समोर होतो. बॅटरीचं झाकण उडालं आणि आम्ल डोळ्याजवळ. सुदैवानं पाणी हाताशी होतं. तेव्हापासून चष्म्याशिवाय मी बॅटरीवर वाकत नाही.

पाना_बारा
काका, ती वायर काढायची युक्ती मी दोनदा केली आहे. पुन्हा नाही करणार. सांगितलंत हे बरं झालं.

उजेडवाट
माझं लिहितो. दोन बॅटऱ्या ८० अँपिअर अवरच्या, पॅरलल. इंजिन चालू असताना १४.१. करंट गळतोय का बघायला निगेटिव्ह काढून मध्ये मीटर लावला तर जवळपास शून्य आलं, ०.०१ अँपिअर. म्हणजे गळती नाही. तरी बॅटऱ्या सपाट होतात.

तांब्याची_तार
उजेडवाट, कुठल्या बॅटरीची निगेटिव्ह काढलीत? दोन बॅटऱ्या पॅरलल असताना एकीच्या वाटेत मीटर लावला तर गळती दुसरीतून निवांत चालू राहते, मीटरमधून यायचं तिला काही कारणच नाही. आधी एका बॅटरीची निगेटिव्ह पूर्ण सोडवून बाजूला बांधा. मग दुसरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर, दहा अँपिअरच्या भोकात. दार उघडं असेल तर लॉकची जीभ स्क्रू ड्रायव्हरनं बंद करा म्हणजे गाडीला दार बंद वाटेल, चावी लांब ठेवा, आणि अर्धा-पाऊण तास थांबा, कारण आतले मॉड्यूल झोपायला वेळ घेतात. घाईत मोजलं तर खोटा आकडा येतो. शेवटी ०.०५ अँपिअर किंवा कमी असेल तर ठीक.
मधल्या वेळात दार उघडू नका, दिवे लावू नका, ग्लो प्लग (डिझेल इंजिन गरम करणारे हीटर) तर नाहीच, मीटरचा फ्यूज जाईल.

उजेडवाट
केलं तसं. चाळीस मिनिटांनी ०.९ वर स्थिर. एकेक करून सगळे फ्यूज काढले, आतला बॉक्स, बॉनेटखालचा बॉक्स. ०.९ हलत नाही.

जुनाडिझेल
०.९ म्हणजे दिवसाला साडेएकवीस अँपिअर अवर. तुमच्या दोन्ही मिळून १६०. चार दिवस पुरे व्हायच्या आत निम्म्या गेल्या, तुमच्या लक्षणाशी जुळतंय. आता जे फ्यूज बॉक्समधून जात नाही ते बघायचं. अल्टरनेटरची जाड वायर सरळ बॅटरीला जाते. निगेटिव्ह सोडवून ती वायर अल्टरनेटरवरून काढा, टोक चिकटपट्टीनं नीट गुंडाळा, निगेटिव्ह परत मीटरमधून जोडा आणि बघा.

उजेडवाट
०.०३!! काका, अल्टरनेटरच. पण तो चार्ज करतोय ना, १४.१ येतंय, मग खराब कसा?

तांब्याची_तार
डायोड. अल्टरनेटर आत एसी बनवतो, डायोड त्याचा डीसी करतात आणि इंजिन बंद असताना बॅटरीचा करंट उलटा आत येऊ देत नाहीत. एखादा गळका झाला की चार्जिंग चालू राहतं, सरासरी व्होल्टेज बरोबरच दिसतं, पण रात्रभर उलटा करंट आत जात राहतो. खात्री करायची तर इंजिन चालू, हेडलाइट चालू, आणि मीटर एसी व्होल्टला ठेवून बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोड प्लेट बदला, अख्खा अल्टरनेटर टाकायची गरज नसते. हात लावून बघा, रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी किंचित कोमट लागतो कधी कधी. मला एक गाडी अशीच हातानं सापडली होती.
आणि दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून वेगवेगळ्या चार्ज करा, वेगवेगळ्या तपासा. पॅरललमध्ये एक आजारी असली की ती दुसरीलाही रात्रभर ओढते आणि जोडलेल्या असताना दोघींचा आकडा एकच दिसतो.

उजेडवाट
एसीवर १.१ आलं. डायोड प्लेटच करतो. मनापासून आभार दोघांचे.

मागचाटायर
वाखू (वाचनखूण) साठवली. लांबपल्ला कुठे आहेत?

लांबपल्ला
आलो, फेरीवर होतो. आज सकाळी सगळं मोजलं, मदतीला भाचा होता, तो आकडे लिहून घेत होता. जसेच्या तसे देतो.
रात्रभर उभी, इंजिन बंद: खालची १२.०८, वरची १२.७२. बेरीज २४.८०. काका, तुम्ही म्हणालात तसंच.
इंजिन चालू: खालची १३.०, वरची १४.९. बेरीज तीच २७.९ जी बघून सगळे बरोबर म्हणत होते.
चावी मारताना दोन्ही मिळून १९.१. खालच्या निगेटिव्ह खुंटीपासून इंजिन ब्लॉकपर्यंत २.६!! पॉझिटिव्ह बाजूला ०.४. मधली केबल ०.१.
मग एक जंप केबल निगेटिव्ह ते इंजिन हुक. चावी मारली आणि ताई, खरं सांगतो, असा सेल्फ मी वर्षभरात ऐकला नव्हता. भाचा म्हणाला मामा परत मार, परत मार.

तांब्याची_तार
वा दादा. १९.१ मधून २.६ आणि ०.५ गेले, सेल्फच्या हातात पोचले फक्त सोळा. थंड इंजिन, घट्ट ऑइल, डिझेलचं कॉम्प्रेशन, सोळा व्होल्टमध्ये कसा फिरेल बिचारा. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फचा चुंबकी स्विच, खेचून घ्यायला तेवढं पुरतं म्हणून टक आवाज येतो.
आता अर्थच्या रस्त्याचे तुकडे करा. खुंटी ते लग, लग ते चासीचा बोल्ट, बोल्टच्या बाजूची चासी, चासी ते इंजिन. प्रत्येक वेळी चावी मारून मोजा. २.६ पैकी मोठा वाटा ज्या तुकड्यात दिसेल तिथे थांबा.

लांबपल्ला
खुंटी ते लग ०.०५. लग ते चासीचा बोल्ट ०.१. चासी ते इंजिन २.३. बाकी इकडे तिकडे. म्हणजे इंजिनला चासीशी जोडणारी केबल. ती गिअरबॉक्सच्या बाजूला खाली आहे, चिखल-पाणी सगळं तिच्यावर. बाहेरून बघितली तर धडधाकट आहे हो, काळं रबर नीट, लग घट्ट. सेल्फचं काम केलं तेव्हा ती हलवून बघितली होती आणि चांगली आहे म्हणून सोडली होती.

जुनाडिझेल
काढा ती. आणि काढल्यावर फेकू नका, लगपासून वीतभर रबर उभं चिरून बघा.

लांबपल्ला
चिरली. फोटो चढत नाहीये म्हणून लिहितो. लगच्या तोंडाशी रबर आणि लगमध्ये नखभर फट होती, तिथून पाणी आत गेलं असणार. रबर उघडलं तर आत तांबं नाहीच, हिरवी पूड. बोटानं चोळली की सांडते. चार-पाच इंच आतपर्यंत हिरवं, मग काळं, आणि त्याच्या पुढे चकचकीत लाल तांबं सुरू होतं. लगजवळ अख्ख्या तारा भाच्यानं मोजल्या, अकरा निघाल्या. बाकी सगळ्या त्या पुडीत. अकरा तारांवर माझा ट्रक चार महिने चालला. त्यांच्यावरच तो चावी मारल्यावर टक करायचा.

मागचाटायर
बापरे. आणि मी बॅटरी बदला म्हणून मोकळा झालो होतो. चुकलं माझं, लांबपल्ला.

तांब्याची_तार
नाही हो, शंभरात बरेचदा बॅटरीच असते, म्हणून तर सगळे तिथेच बघतात. दादा, नवी केबल टाकताना जुनीपेक्षा बारीक घेऊ नका, लग दाबून बसवलेला घ्या आणि तोंडाशी उष्णतेनं आवळणारी नळी चढवा म्हणजे पाणी जाणार नाही. चासीवर आणि इंजिनवर जिथे लग बसतो तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासा. रंगावर आवळलेला बोल्ट कितीही घट्ट असला तरी करंट फक्त बोल्टच्या आट्यांतून जातो. घासून, आवळून, मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून मग आवळू नका. आणि जमलं तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनला दुसरी केबल टाका, दोन रस्ते असले की एक गेला तरी गाडी रस्त्यात राहत नाही.
अजून एक, डॅशबोर्डवर मधूनच दिवे नाचणं, तापमानाचा काटा हेडलाइट लावल्यावर हलणं असं काही होत होतं का?

लांबपल्ला
हो ताई!! हेडलाइट लावला की तापमानाचा काटा वर जायचा. सेन्सर बदलून झाला होता त्यासाठी.

तांब्याची_तार
तोच अर्थ. सेन्सर इंजिनवर बसतो, त्याचा परतीचा रस्ता त्याच केबलनं. चार्जिंगचा करंट वाढला की तिथे पाव व्होल्ट पडायचं आणि काट्याला ते तापमान वाटायचं. सेन्सर जुना जपून ठेवला असेल तर तो चांगला असणार.

जुनाडिझेल
आता बॅटऱ्यांचं. मधली वायर आजच काढा. शिसं-आम्लाची बॅटरी १८५९ साली गास्तों प्लांतेनं बनवली, तेव्हापासून तिचा स्वभाव बदललेला नाही, अर्धी रिकामी ठेवलेली तिला सोसत नाही. प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ते चार्जिंगनं निघत नाही. तुमची खालची चार महिने अशी होती. तिला सुटी करून बारा व्होल्टच्या चार्जरवर सावकाश भरा, क्षमतेच्या एक दशांश करंटनं. वरचीत आधी पाणी बघा, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर घाला, बाकीचं चार्ज झाल्यावर. मग दोन्हीची हायड्रोमीटरनं ग्रॅव्हिटी, म्हणजे आतलं आम्ल पाण्यापेक्षा किती जड आहे ते, घ्या, सहाच्या सहा सेलची. भरलेल्या सेलची १.२६५ ते १.२८ च्या आसपास येते. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५ नं खाली असेल तर ती बॅटरी गेली, आणि सिरीजमध्ये एक गेली तर दोन्ही जोडीनंच बदलायच्या, एकाच वयाच्या, एकाच क्षमतेच्या.

पाना_बारा
मग टेप आणि चार्जर कशावर चालवायचे? लांबच्या प्रवासात ते लागतातच.

तांब्याची_तार
चोवीसचं बारा करणारा कन्व्हर्टर मिळतो. त्याचा इनपुट दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांना, म्हणजे दोघींवर सारखा भार. फ्यूज बॅटरीच्या जवळ टाका, कन्व्हर्टरच्या जवळ नाही. सगळ्या उपकरणांचा करंट मोजून मग त्याहून मोठा घ्या, पंखा सुरू होताना जास्त ओढतो. आणि चावी बंद केली की बंद होईल अशा ठिकाणाहून त्याची सप्लाय द्या, नाहीतर कन्व्हर्टर स्वतःच रात्रभर थोडं थोडं पीत राहील. बॅटरी इक्वलायझर हाही पर्याय आहे, तो मधल्या जोडणीवर बसून दोघींना समान ठेवतो, पण तुमच्या कामाला कन्व्हर्टर पुरे.

लांबपल्ला
बारा दिवस मुद्दाम थांबलो, खात्री झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.
इंजिनची केबल नवी, जोडीला निगेटिव्हपासून थेट इंजिनला दुसरी. कन्व्हर्टर बसवला. बॅटऱ्या दोन दिवस सुट्या चार्ज केल्या. वरचीचे सहाही सेल १.२७ च्या आसपास. खालचीचे पाच १.२५ ते १.२६ आणि एक १.२३, म्हणजे काकांच्या हिशोबात अजून चालेल, पण त्या सेलवर मी खडूनं खूण केली आहे.
आज सकाळी, रात्रभर थंडीत उभी होती: खालची १२.५८, वरची १२.६८. चावी मारताना दोन्ही मिळून २१.४. निगेटिव्ह खुंटी ते इंजिन ०.१५. इंजिन चालू: खालची १४.०, वरची १४.२. हेडलाइट लावला, तापमानाचा काटा जागचा हलला नाही.
बारा दिवसांत एकदाही दुसरी चावी मारावी लागली नाही. काका, ताई, कसे आभार मानू कळत नाही.

जुनाडिझेल
ती १.२३ वाली खूण महिन्यानं परत मोजा आणि इथेच आकडा टाका.

लांबपल्ला
हो काका, टाकतो. भाच्यानं वहीत तारीख लिहून ठेवली आहे.